न्यू ऑर्लिन्समधला एक दिवस: नदीपासून काँगो स्क्वेअरपर्यंत

ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने विचारले आहे की, पुण्याहून आलेल्या सत्तरीतल्या आई-वडिलांना घेऊन ते न्यू ऑर्लिन्सला येणार आहेत आणि पूर्ण असा एकच दिवस त्यांच्या हाताशी आहे. आई शाकाहारी आहेत. वडिलांनी आयुष्यभर हिंदुस्थानी संगीत ऐकले आहे, पण जॅझ कधी बसून ऐकलेले नाही. तर या दिवसात काय पाहावे, काय खावे आणि अस्सल संगीत कुठे ऐकावे? मी या शहरात पाहुण्यांना पायी फिरवण्याचे काम अनेक वर्षे करते आहे, म्हणून थोडे विस्ताराने उत्तर देते.

सर्वांत आधी यादी छोटी करा. मिसिसिपी नदीच्या बांधापासून लुई आर्मस्ट्राँग पार्कमधल्या काँगो स्क्वेअरपर्यंतचे अंतर सरळ चालत गेल्यास साधारण एक किलोमीटर भरते, आणि एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्याने या पट्ट्याबाहेर शक्यतो जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दलदलीतली बोटफेरी, उसाच्या मळ्यांवरचे जुने बंगले, गार्डन डिस्ट्रिक्टमधल्या हवेल्या हे सगळे पाहण्यासारखे आहे. पण त्यासाठी दिवसाचे तुकडे पडतात, वेळ गाडीत जातो, आणि हे शहर अमेरिकेतल्या इतर शहरांपेक्षा वेगळे का आहे ते कळायचे राहून जाते. इथले जेवण, इथले संगीत आणि इथल्या इमारती एकमेकांत मिसळलेल्या लोकांनी, याच थोड्या गल्ल्यांमध्ये घडवल्या. त्या एकत्र पाहिल्या, तरच त्यांचा अर्थ लागतो.

वार निवडणे हातात असेल, तर सोमवार टाळा. त्या दिवशी इथली बहुतेक वस्तुसंग्रहालये बंद असतात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत उकाडा आणि दमटपणा इतका असतो की दुपारी चालणे ज्येष्ठांना झेपत नाही; ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात किंवा मार्च-एप्रिल हे दिवस उत्तम. पदपथ जुन्या विटांचे, झाडांच्या मुळांनी उचललेले आहेत, म्हणून आई-वडिलांच्या पायात घट्ट बसणारे बूट असू द्या.

सकाळी लवकर, आठच्या आत, जॅक्सन स्क्वेअरपाशी पोहोचा. हे शहर रात्री उशिरा झोपते, त्यामुळे या वेळी चौक जवळपास रिकामा मिळतो. समोरच १८६२पासून चालू असलेले कॅफे दु माँद आहे. पिठीसाखरेने झाकलेली तीन गरम चौकोनी बेन्ये, म्हणजे पिठाच्या तळलेल्या वड्या, एका बशीत येतात, आणि सोबत चिकोरी घातलेली दूध-कॉफी. ही कॉफी वडिलांना ओळखीची वाटेल, कारण दक्षिण भारतातल्या फिल्टर कॉफीतही चिकोरी असते. इथे ती फ्रेंचांच्या सवयीतून आली आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) बंदराची नाकेबंदी होऊन कॉफी दुर्मीळ झाल्यावर अधिक रुजली. नऊनंतर इथे लांब रांग लागते.

कॉफी झाल्यावर मागच्या बाजूने बांधावर चढा. नदी इथे मोठे वळण घेते आणि मालवाहू जहाजे डोळ्यांसमोरून जातात. या ठिकाणी आई-वडिलांना एक गोष्ट आवर्जून सांगा: या शहरात नदीकाठ हा उंच भाग आहे आणि नदीपासून दूर जावे तशी जमीन उतरत जाते. पुरांनी शतकानुशतके आणून टाकलेल्या गाळामुळे काठ उंच झाला, आणि म्हणूनच १७१८मध्ये ब्यँव्हिल या फ्रेंच अधिकाऱ्याने वसाहतीसाठी ही जागा निवडली. ऑगस्ट २००५च्या कतरिना वादळात बांध फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, तेव्हा हा सर्वांत जुना भाग, म्हणजे फ्रेंच क्वार्टर, बहुतांशी कोरडा राहिला. पुढे दिवसभर तुम्ही त्या न दिसणाऱ्या उतारावरूनच चालणार आहात. उंच जमीन कोणाला मिळाली आणि मागची, पाणी साचणारी जमीन कोणाच्या वाट्याला आली, हा या शहराच्या इतिहासातला फार महत्त्वाचा प्रश्न आहे.

चौकाकडे परत आलात की तीन शिखरांचे सेंट लुई कॅथेड्रल समोर दिसेल. आजची इमारत मुख्यतः १८५०च्या सुमाराची आहे. तिच्या डाव्या अंगाला असलेले काबिल्दो हे संग्रहालय चुकवू नका. फ्रेंचांनंतर आलेल्या स्पॅनिश राजवटीत नगरसभेसाठी बांधलेल्या या इमारतीत डिसेंबर १८०३मध्ये लुइझियाना प्रांत अमेरिकेच्या ताब्यात देण्याचा विधी झाला. स्पेनने फ्रान्सला परत दिलेल्या आणि नेपोलियनने दीड कोटी डॉलरला विकलेल्या या प्रदेशामुळे अमेरिकेचा आकार जवळपास दुप्पट झाला. नेपोलियनच्या चेहऱ्याचा मृत्यूनंतर घेतलेला मुखवटाही या संग्रहात आहे. चौकाच्या दोन्ही बाजूंच्या लाल विटांच्या लांबलचक इमारती मिकाएला पोन्ताल्बा या बाईंनी १८४९ ते १८५१ या काळात स्वतः देखरेख करून उभ्या केल्या. गॅलऱ्यांना ओतीव लोखंडाची नक्षीदार जाळी लावण्याची पद्धत त्यांच्या या इमारतींनंतर शहरभर पसरली.

फ्रेंच क्वार्टर हे नाव असले, तरी फ्रेंच काळातले बांधकाम इथे फारसे उरलेले नाही. १७८८ आणि १७९४च्या दोन आगींनी जुने लाकडी शहर खाऊन टाकले, आणि त्या वेळी राज्य स्पेनचे होते. विटा, गिलावा, रस्त्याला लागून भिंती आणि आत वाड्यातल्यासारखा चौक ही रचना त्यानंतर रूढ झाली. चार्टर्स रस्त्यावरचे जुने उर्सुलाइन कॉन्व्हेंट मात्र त्या आगींतून वाचले. १७५०च्या सुमारास पूर्ण झालेली ही इमारत संपूर्ण मिसिसिपी खोऱ्यातल्या सर्वांत जुन्या इमारतींपैकी आहे. बाहेरून पाहिली तरी पुरे.

अकरा वाजता रॉयल रस्त्याच्या काही भागात गाड्या बंद होतात आणि दुपारी चारपर्यंत तो पायी चालणाऱ्यांचा होतो. वाद्ये घेऊन मंडळी रस्त्यातच बसतात, आणि त्यांतले अनेकजण संध्याकाळी मोठ्या मंचावर वाजवणारे असतात. थांबून ऐकलेत, तर समोरच्या बादलीत पैसे जरूर टाका. इथल्या वादकांचे घर या पैशांवर चालते, म्हणून एक-एक आणि पाच-पाच डॉलरच्या नोटा सकाळीच खिशात ठेवा. याच रस्त्यावर ५२० क्रमांकाला ‘हिस्टॉरिक न्यू ऑर्लिन्स कलेक्शन’ हे संग्रहालय आहे. प्रवेश विनामूल्य, आत थंडावा, बसायला जागा आणि स्वच्छतागृह. ज्येष्ठांसोबत फिरताना या गोष्टींचे मोल फार. यादवी युद्धापूर्वी न्यू ऑर्लिन्स हा देशांतर्गत गुलामांच्या व्यापाराचा सर्वांत मोठा बाजार होता. या सुंदर गल्ल्यांमध्ये माणसांचे लिलाव होत असत. ही माहिती घेतल्याशिवाय दुपारच्या जेवणाकडे वळू नये, असे मला मनापासून वाटते, कारण जेवणाची कथा तिथूनच सुरू होते.

१७१९मध्ये आफ्रिकेतून गुलामांची पहिली जहाजे लुइझियानात आली, तेव्हा कप्तानांना भाताचे बियाणे आणि भातशेती जाणणारी माणसे आणण्याच्या सूचना होत्या. भेंडीही आफ्रिकेतूनच आली. या शहराची ओळख असलेल्या गम्बो या दाट रश्शात आफ्रिकेची भेंडी, पीठ तेलात किंवा लोण्यात परतून केलेला फ्रेंच पद्धतीचा रू, आणि इथल्या मूळ रहिवासी चॉक्टॉ लोकांनी वापरात आणलेली सासाफ्रास पानांची भुकटी हे सगळे भेटते. काही घरांत भेंडी घालतात, काहींत भुकटी, आणि तो भाताबरोबर वाढतात. १८०९-१०मध्ये हैतीतल्या क्रांतीनंतर परागंदा झालेले नऊ हजारांहून अधिक लोक क्यूबामार्गे इथे आले आणि शहराची लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली; त्यांनीही या स्वयंपाकात आणि संगीतात भर घातली. पुढे सिसिलीहून स्थलांतरित आले. डेकेटर रस्त्यावरचे १९०६पासूनचे सेंट्रल ग्रोसरी हे त्यांच्यापैकी एकाचे दुकान, आणि ऑलिव्हचे लोणचे घातलेले मुफुलेटा हे गोल पावाचे सँडविच तिथले. पो-बॉय हे लांब पावाचे सँडविच १९२९च्या ट्रामकामगारांच्या संपाशी जोडलेले आहे: पूर्वी ट्रामवर काम केलेल्या मार्टिन बंधूंनी संपकऱ्यांना फुकट जेऊ घालण्याचे जाहीर केले होते.

आता आईंच्या जेवणाविषयी, कारण अडचण इथेच येते. क्रिओल, म्हणजे इथल्या मिश्र परंपरेतल्या, स्वयंपाकात भाज्या आणि कडधान्ये भरपूर आहेत, पण त्यांची चव मांसावर उभी आहे. लाल राजमा आणि भात हा सोमवारचा पदार्थ. सोमवारी कपडे धुण्याचा दिवस असे आणि रविवारच्या जेवणातले डुकराचे हाड घालून राजमा मंद आचेवर दिवसभर ठेवता येई. आजही त्यात सॉसेज किंवा खारवलेले मांस असते. परतलेल्या भेंडीत कोळंबी असू शकते, पालेभाजीत हॅम, तळलेल्या हिरव्या टोमॅटोवर कोळंबी, आणि बटाट्याच्या पो-बॉयवर बीफची ग्रेव्ही. पालेभाज्यांचा हिरवा गम्बो नावावरून शाकाहारी वाटतो, पण अनेक स्वयंपाकघरांत त्यातही मांस असते. म्हणून ‘शाकाहारी आहे का’ एवढे विचारून थांबू नका. रस्सा कशाच्या पाण्यात केला आहे, भातात किंवा राजम्यात मांसाचा तुकडा शिजवला आहे का, आणि तळण्याचे तेल मासळीसाठीही वापरतात का, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. विचारलेले इथे कोणालाही खटकत नाही. शहरात वीगन क्रिओल जेवण देणारी उपाहारगृहेही आहेत, आणि काही ठिकाणी मांस वगळून फक्त चीज आणि ऑलिव्ह घातलेला मुफुलेटा मिळतो. सकाळी बाहेर पडतानाच दुपारची एक जागा फोन करून नक्की करा. आई अंडे खात नसतील, तर मेयॉनेझ आणि ब्रेड पुडिंग यांच्याविषयीही विचारावे लागेल. साखर, दूध, लोणी आणि पेकन यांची प्रालीन नावाची वडी त्यांना निर्धास्त खाता येईल. रॉयल आणि डेकेटर रस्त्यांवर ती ताजी करून विकतात.

मासे खाणाऱ्यांनी तळलेल्या कोळंबीचा किंवा कालवांचा पो-बॉय घ्यावा. फेब्रुवारी ते मे हा क्रॉफिशचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडासारख्या जिवाचा, हंगाम. कोकणातल्या माणसाला तो आवडेलच. सर्वांनी मिळून एका टेबलावर बसून जेवायचे असेल आणि दिवस जुळत असेल, तर क्वार्टरलगतच्या ट्रेमे या वस्तीतल्या डूकी चेझ या उपाहारगृहाचा विचार करा. १९४१मध्ये सुरू झालेल्या या जागेला लीआ चेझ या स्वयंपाकिणीने कीर्ती मिळवून दिली, २०१९मध्ये त्यांचे निधन झाले. कृष्णवर्णीय आणि श्वेत लोकांनी एकत्र बसून जेवणे बेकायदा होते त्या काळात नागरी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते वरच्या मजल्यावरच्या खोलीत बैठका घेत आणि जेवत. उपाहारगृह आठवड्यातले ठरावीक दिवसच चालू असते, म्हणून आधी पाहून घ्या.

जेवणानंतर ऊन असेल तर एस्प्लनेड रस्त्यावरच्या जुन्या टांकसाळीत जा. तिथे आता जॅझ म्युझियम आहे. लुई आर्मस्ट्राँग ४ ऑगस्ट १९०१ रोजी याच शहरात जन्मला. त्याचे जन्मघर १९६४मध्ये पाडले गेले, त्यामुळे तीर्थयात्रेसारखे जाण्याजोगे घर उरलेले नाही. बालसुधारगृहात असताना तो ज्यावर शिकला असे सांगितले जाते तो कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखे छोटे पितळी वाद्य, या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. वडिलांना आर्मस्ट्राँगची ओळख करून देताना मुंबईचा धागा सांगा. गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत, आणि सी. रामचंद्र यांच्या १९५०च्या आसपासच्या हिंदी चित्रपटगीतांतल्या वाद्यमेळात त्यांचा मोठा हात होता. वडिलांनी ती गाणी नक्कीच ऐकलेली असणार, म्हणजे या संगीताचा एक प्रवाह त्यांच्या कानांवरून आधीच गेलेला आहे.

चारच्या सुमारास सेंट अ‍ॅन रस्त्याने नदीकडे पाठ करून सरळ चालत जा. रॅम्पार्ट रस्ता ओलांडला की पार्कची कमान येते, आणि आत डावीकडे फरसबंदीचे मोकळे मैदान. हाच काँगो स्क्वेअर. पाहण्यासारखी वस्तू म्हणून इथे काही शिल्पे आणि मोठी झाडे आहेत, आणि बहुतेक पर्यटक पाच मिनिटांत निघून जातात. तुम्ही अर्धा तास बसा. फ्रेंच वसाहतीच्या १७२४च्या गुलामविषयक कायद्यात रविवारी गुलामांना कामातून सुटी होती. त्या दिवशी ते शहरामागच्या या मोकळ्या जागेत बाजार भरवत, विकत, नाचत आणि वाजवत. १८१७मध्ये नगरसभेने गुलामांचे असे मेळावे एकाच नेमून दिलेल्या जागी, रविवारी, सूर्यास्तापर्यंतच होतील असा नियम केला, आणि ती जागा ही. अमेरिकेत इतरत्र अनेक ठिकाणी गुलामांना ढोल वाजवायला बंदी असताना इथे आफ्रिकी ताल भर दिवसा, शेकडो लोकांसमोर वाजत राहिले. वास्तुरचनाकार बेंजामिन लॅट्रोब यांनी १८१९मध्ये हे पाहून वाद्यांची चित्रे काढून ठेवली. त्यांत ढोल आहेत आणि भोपळ्याचे एक तंतुवाद्यही आहे.

इथून जॅझपर्यंतचा रस्ता सरळ नाही, पण त्याचे टप्पे समजतात. ट्रेमेत स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय क्रिओल कुटुंबे राहत. त्यांची मुले युरोपीय पद्धतीने क्लॅरिनेट आणि व्हायोलिन शिकत, ऑपेरा ऐकत. यादवी युद्धानंतर पितळी बँडची वाद्ये सहज मिळू लागली. मग १८९०मध्ये लुइझियानाने रेल्वेचे डबे वर्णानुसार वेगळे करणारा कायदा केला. ट्रेमेमधल्या होमर प्लेसी यांनी १८९२मध्ये जाणूनबुजून श्वेतांच्या डब्यात बसून अटक ओढवून घेतली, आणि १८९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ टिकले. या वर्णभेदाने क्रिओल वादकांचे वेगळे स्थान हिरावले आणि स्वरलिपी वाचणारे हे वादक, कानाने शिकलेल्या, ब्लूज ही कृष्णवर्णीयांची लोकगाणी आणि चर्चची गाणी अंगात मुरलेल्या वादकांच्या शेजारी येऊन बसले. १९००च्या सुमारास बडी बोल्डनसारख्या कॉर्नेटवादकांच्या बँडमध्ये नवे संगीत ऐकू येऊ लागले ते या पार्श्वभूमीवर.

ट्रेमेत दोन गल्ल्या आत सेंट ऑगस्टीन चर्च आहे. १८४०च्या दशकात ते उभे राहिले तेव्हा स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या बाकांसोबत गुलामांसाठीही बाक विकत घेतले होते. चर्चच्या अंगणात साखळदंडांच्या क्रुसाचे, अनाम गुलामांचे स्मारक आहे. याच वस्तीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधल्या हुगलीकडचे मुस्लिम फेरीवाले चिकनकाम आणि रेशीम विकायला येऊन राहिले आणि त्यांच्यातल्या काहींनी इथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांशी लग्ने केली. भारतीय पाहुण्यांना मी हे नेहमी सांगते. अंधार पडण्यापूर्वी मात्र क्वार्टरमध्ये परत या.

संध्याकाळी बर्बन रस्त्यावर जाऊ नका. तिथे मद्य आणि ध्वनिवर्धकांचा गोंगाट आहे, ज्येष्ठांना त्यातून काही मिळणार नाही. त्याऐवजी सेंट पीटर रस्त्यावरच्या प्रिझर्व्हेशन हॉलची तिकिटे आठवडाभर आधी घेऊन ठेवा आणि आई-वडिलांसाठी बसण्याची जागा मिळेल असे तिकीट निवडा, कारण साध्या तिकिटावर बऱ्याच जणांना उभे राहावे लागते. १९६१मध्ये सुरू झालेल्या या जुनाट, छोट्या खोलीत ध्वनिवर्धक नाहीत, मद्य विकले जात नाही, आणि एक कार्यक्रम पाऊण तासाचा असतो. वादक हाताच्या अंतरावर असतात.

वडिलांना आत जाण्यापूर्वी एवढे सांगा. ट्रम्पेट मूळ चाल धरतो, क्लॅरिनेट तिच्या वरून नाजूक वेलबुट्टी काढतो, ट्रोम्बोन खालून सरकत्या स्वरांनी आधार देतो. आणि हे तिघे एकाच वेळी, आयत्या वेळी सुचेल तसे वाजवतात. आपल्याकडे मुख्य कलाकार बढत करतो आणि बाकीचे साथ करतात, इथे तिघांची बढत एकत्र चालते, म्हणून सुरुवातीला गर्दी वाटते. कान एकावर ठेवून एक आवर्तन ऐकावे, मग दुसऱ्यावर जावे. गाण्याचा ठरावीक मात्रांचा आराखडा पुन्हापुन्हा फिरत असतो, तो आवर्तनासारखा मोजता येतो. टाळी मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. समेवर टाळी देण्याची सवय असलेल्या श्रोत्याला हे काही मिनिटे अवघड जाते आणि नंतर त्यातच गंमत येते.

कार्यक्रमानंतर आई-वडील थकले असतील, तर त्यांना मुक्कामी सोडून तरुण मंडळींनी फ्रेंचमेन रस्त्यावर जावे. तिथल्या बऱ्याच जागांत २१ वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नसतो. उत्साह टिकून असेल, तर स्नग हार्बर इथे खुर्चीवर बसून शांतपणे ऐकता येते आणि तिकीट आधी घेता येते. त्या रात्री कुठे कोण वाजवणार आहे याची यादी डब्ल्यूडब्ल्यूओझेड हे स्थानिक रेडिओ केंद्र रोज जाहीर करते. नाव माहीत नसले तरी ब्रास बँड किंवा पारंपरिक जॅझ असे लिहिलेले निवडावे.

दोन गोष्टी राहिल्या. सेंट लुई स्मशानभूमी क्रमांक १, जिथे प्लेसी यांची कबर आहे, ती २०१५पासून परवानाधारक वाटाड्याबरोबरच पाहता येते. त्यात बराच वेळ जातो, म्हणून संग्रहालयांपैकी एक वगळणार असाल तरच ती घ्या. दुपारी पाय दुखू लागले आणि हवा बरी असेल, तर कॅनॉल रस्त्यावरून सेंट चार्ल्स मार्गाची हिरवी ट्राम घ्या. हा मार्ग १८३५पासून चालू आहे, डबे १९२०च्या दशकातले, खिडक्या उघड्या, आणि दोन्ही बाजूंना ओकची झाडे; सव्वा डॉलरमध्ये बसल्या जागी शहराचा दुसरा चेहरा दिसतो.

आणि तुमचा दिवस रविवार असेल, तर वरचा दुपारचा बेत मोकळ्या मनाने मोडा. ऑगस्टअखेर ते जून या काळात बहुतेक रविवारी दुपारी एखादे सामाजिक मंडळ ब्रास बँडसह आपल्या वस्तीतून मिरवणूक काढते आणि वाटेतले लोक मागे नाचत सामील होतात. मार्ग आणि वेळ त्याच रेडिओ केंद्राच्या यादीत मिळते. संपूर्ण मार्ग चालू नका. पहिल्या थांब्यापाशी सावलीत आई-वडिलांना बसवा, मिरवणूक तुमच्यासमोरून जाऊ द्या, नाचणाऱ्यांची वाट अडवू नका आणि चेहऱ्यासमोर मोबाइल धरण्यापूर्वी विचारा. पर्यटकांसाठी मांडलेला हा देखावा नाही, तिथल्या कुटुंबांचा तो रविवार आहे.